दाजींना न ऐकू आलेली घंटी

माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न दौंडच्या इंजिन ड्रायव्हरशी झालं, तेव्हा मी मांडवगणच्या शाळेत सातवीत होतो. दाजी तेव्हा अजून ड्रायव्हर नव्हते, असिस्टंट होते. दिवाळीच्या सुट्टीत मी पहिल्यांदा त्यांच्या क्वार्टरवर राहायला गेलो. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली एक टेबल आणि टेबलावर झाकणाचा रेकॉर्ड प्लेअर. आमच्या सगळ्या पाहुण्यारावळ्यांत कुणाकडं असलं यंत्र नव्हतं.

ते दाजींना एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरनं दिलं होतं. दौंडच्या रेल्वे कॉलनीत तेव्हा अशी बरीच कुटुंबं होती. दाजी त्या म्हाताऱ्याच्या हाताखाली पाच वर्षं होते. म्हातारा रिटायर होऊन बायकोसकट ऑस्ट्रेलियाला मुलीकडं निघाला, तेव्हा सामान विकता विकता त्यानं प्लेअर आणि वीसेक तबकड्या दाजींच्या हातात ठेवल्या. बाकीच्या तबकड्या हळूहळू कुठं कुठं गेल्या. एक राहिली. इंग्लंडातल्या एका रॉक बँडचा अल्बम, कलकत्त्यात छापलेली तबकडी. बँडचं नाव मी इथं लिहीत नाही. आमच्या घरात ते कुणी धड उच्चारलंही नाही. कव्हरवर कोरड्या पडलेल्या पोहण्याच्या तलावाचा फोटो होता, आणि तळाशी एक लाकडी खुर्ची. आम्ही अल्बमला ‘खुर्ची’ म्हणायचो. “खुर्ची लावू का?” असं दाजी विचारायचे.

दाजींना शब्द कळत नव्हते. मलाही नव्हते. पण त्यांना त्यातला ढोल कळायचा. “बघ, आता चढ लागला. आता नॉच वाढवला त्यानं,” असं ते इंजिनाचा जोर वाढवल्याच्या भाषेत बोलत राहायचे. आणि तिसरं गाणं संपत आलं की हात वर करून मला गप्प करायचे. शेवटचा सूर विरत जायचा आणि त्याच्या मागं, खूप लांबून आल्यासारखी, एक बारकी घंटी वाजायची. चार वेळा. दर वेळी आधीपेक्षा हळू. चौथी तर वाजली की आपल्याला वाटली, हे सांगता यायचं नाही.

“किती?”

“चार,” मी म्हणायचो.

“त्यो म्हातारा साहेब मला हेच इचारायचा. म्हनायचा, ड्रायव्हरचे डोळे सगळे तपासतात, कान मी तपासतो.”

पुढं मी शिरूरला आयटीआय केलं आणि एक्याण्णव साली एसटी स्टँडच्या मागं कॅसेट भरून द्यायचं दुकान टाकलं. लोक कागदावर गाणी लिहून आणायचे, मी कोऱ्या कॅसेटमध्ये भरून द्यायचो. लावण्या, भजनं, सिनेमाची गाणी, सासरी जाणाऱ्या मुलींसाठी बापानं निवडलेली गाणी. इंग्रजी मागणारं कुणी नव्हतं. पण पुण्याला माल आणायला गेलो, की मी दाजींसाठी इंग्रजी कप्पा चाळायचो.

ब्याण्णवमध्ये तिथं मला ‘खुर्ची’ची कॅसेट मिळाली. इथल्याच एका कंपनीनं काढलेली, कव्हर फिकट, खुर्ची जवळजवळ दिसतच नव्हती. मी ती घेऊन न्हावरा, चौफुला, पाटस करत एसटीनं दौंडला गेलो. कॅसेट लावली आणि पहिल्याच गाण्याला दाजींच्या कपाळाला आठी पडली. दोन्ही बाजूंना सारखा वेळ बसावा म्हणून कंपनीनं गाण्यांचा क्रम बदलला होता. तिसरं गाणं सहावं झालं होतं. शेवटचं लांब गाणं अर्ध्यातच हळू करून संपवून टाकलं होतं. सगळ्यावर एक सूं-सूं आवाज, आणि घंटी नव्हती.

“घंटी कुठं गेली रं?”

मी स्क्रू-ड्रायव्हरनं त्यांच्या टेपचं हेड हलवून बघितलं. स्क्रू थोडा फिरवला की आवाज उघडतो, झाकण काढल्यासारखा. उघडलाही. पण घंटी आली नाही. टेपच हलकी होती, वरचे बारीक आवाज तिच्यात उतरलेच नव्हते. मी दाजींना तसं सांगितलं.

“म्हंजी कापली,” दाजी म्हणाले. “काय मानसं हायेत. बारकी हाय म्हनून कापून टाकली.”

त्या दिवशी ते बरोबर होते. त्या कॅसेटमध्ये घंटी खरंच नव्हती. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढं जे झालं त्यात या बरोबर असण्याचाही वाटा होता. एकदा कापलेली त्यांनी बघितली होती. पुन्हा कापली असेल हे मानायला त्यांना काही जड गेलं नाही.

सत्त्याण्णवला मला ‘खुर्ची’ची परदेशातून आलेली सीडी मिळाली. भाचीसाठी दाजींनी तेव्हाच नवा स्टिरिओ घेतला होता. दुपारची वेळ होती, दाजी झोप काढून उठले होते, ताईनं चहा टाकला होता. सीडी लावली. दोन गाण्यांच्या मध्ये इतकी शांतता, की मला वाटलं स्टिरिओ बंद पडला. गायक ओळ सुरू करण्याआधी श्वास घेतो, तो ऐकू येत होता; तबकडीवर तो कधीच आला नव्हता. पण आवाज अंगात भरत नव्हता. ढोल पातळ, खालचा घुमारा गेलेला. घट्ट आमटीत कुणी तांब्याभर पाणी ओतावं तसं. मी दाजींना तेच म्हणणार होतो, तेवढ्यात तिसरं गाणं संपत आलं आणि त्यांनी हात वर केला.

घंटी वाजली. तबकडीत खरखरीच्या मागून यायची ती, इथं कोऱ्या शांततेत अगदी स्वच्छ. एक. दोन. तीन. चौथीसुद्धा स्पष्ट. मी खूश होऊन दाजींकडं बघितलं.

त्यांचा हात अजून वरच होता. ते वाट बघत होते.

चौथं गाणं सुरू झालं तेव्हा त्यांनी हात खाली घेतला. “ह्यात बी न्हाई,” ते म्हणाले.

मला वाटलं चेष्टा करतायत. मी गाणं मागं घेऊन पुन्हा लावलं. ते पुढं सरकून स्पीकरच्या जवळ बसले, डोळे मिटले. घंटी चारही वेळा वाजली. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

“तबकडी लावा बरं,” मी म्हणालो. तबकडी लावली. तिच्यातही घंटी होती, जिथं वीस वर्षं होती तिथंच. दाजींनी सुई उचलली आणि तबकडी उजेडात धरली. “घासली गेली आसंल. किती वाजवली तिला.” मग माझ्याकडं वळले. “सीडीत तुला आली का रं? खरं सांग.”

माझ्यासमोर दाजी बसले होते, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. पंचवीस वर्षं डिझेल इंजिनाच्या घरघरीत काढलेला माणूस. कानांचं काय होत होतं ते मला त्या क्षणी कळलं होतं. आवाजाचाच माझा धंदा. वरचे बारीक आवाज आधी जातात हे मला माहीत होतं, टेपचेही आणि माणसाचेही.

“न्हाई दाजी,” मी म्हणालो. “ह्यात बी कापलीय.”

त्यांनी मान हलवली. त्यांचे खांदे सैल पडले, ते मी बघितलं. त्यांना मनातून शंका असणार. ती मी काढून टाकली.

ताई आत चहा गाळत होती. मी कप न्यायला गेलो तर हळू आवाजात म्हणाली, “मलाबी दोनदोनदा बोलावं लागतंय. टीव्ही किती मोठा लावत्यात बघितलंस न्हवं?”

“मग डॉक्टरला दाखवा की.”

“आन् इंजिनावरनं उतरीवलं म्हंजी? त्यांचं काय हुईल ठावं हाय ना तुला? पोरीचं शिक्षण हुंदे. तू काय बोलू नगंस.”

मी बोललो नाही. शिरूरला परत आलो. पहिले काही महिने दौंडला जाणं टाळलं. नंतर तेही सवयीचं झालं. जायचो, ‘खुर्ची’ लागायची, तिसरं गाणं संपताना दाजी हात वर करायचे नाहीत. रेल्वेच्या वैद्यकीय तपासणीतून ते एकदा पारही पडले. कसे ते मला माहीत नाही. समोरच्या माणसाचे ओठ बघून बोलणं ओळखण्यात ते तयार झाले होते, एवढं मी बघत होतो.

नव्याण्णवच्या थंडीत मेंढरांची गोष्ट झाली. मला ती आधी ताईकडून आणि मग दाजींच्या तोंडून कळली. मनमाडकडं मालगाडी घेऊन चालले होते. सकाळचे सात वाजले असतील, नगरच्या अलीकडं, धुकं होतं. त्या दिवशी इंजिनाचं लांब नाक पुढं होतं. तसं असलं की एका बाजूचं वळण ड्रायव्हरला दिसत नाही, तिकडचं असिस्टंट बघतो आणि ओरडून सांगतो. वळणावर एक धनगर कुटुंब कळप रुळांवरनं पलीकडं नेत होतं. पुढची मेंढरं गेली, मागची रुळांतच राहिली. भोंगा वाजला तो अगदी जवळ आल्यावर.

माणसं वाचली. मेंढरं किती गेली ते दाजींनी कधी सांगितलं नाही. गाडी पुढं जाऊन थांबली तेव्हा ते खाली उतरून मागं चालत गेले. एक म्हातारी एका कोकराला कमरेशी धरून उभी होती, तिच्या लुगड्यावर रक्त उडालं होतं. ती त्यांना म्हणाली, “बाबा, शिट्टी तरी वाजवायची व्हतीस.” एवढंच. शिवी नाही, आरडाओरडा नाही.

“आन् त्यो भडवा असिस्टंट,” दाजी मला सांगत होते, “पेंगत व्हता. धक्का बसायच्या टायमाला वरडला. आधी वरडला आसता तर मी भोंगा दिला आसता. मेंढरं भोंग्याला पळत्यात रं. निम्मी तरी वाचली आसती.”

ते खरं बोलत होते. म्हणजे त्यांना जे ऐकू आलं होतं त्याप्रमाणे खरं. असिस्टंट नांदगावकडचा होता, पंचवीस-सव्वीसचा. आपण वेळेत ओरडलो असं तो सांगत राहिला. पण दाजींची नोकरी सत्तावीस वर्षांची आणि अंगावर एक डाग नाही. दाजींनी लेखी दिलं, की हा माणूस झोपतो, मला तो नको. त्याची बदली झाली, आणि त्याच्या बढतीचा नंबर मागं गेला.

मी हे सगळं त्यांच्या समोर खुर्चीत बसून ऐकलं. ताई दारात उभी होती. आमची नजरानजर झाली आणि तिनं पदर तोंडाला लावून आत बघितलं. त्या वेळी तरी मी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, “तुम्ही काय करणार दाजी.” आणि पाच वाजताची एसटी पकडली. न्हावऱ्यापर्यंत गाडीत उभं राहून आलो. बसायला जागा होती, पण बसवेना.

दोन हजार एकमध्ये ‘खुर्ची’ पुन्हा निघाली. कव्हरवर मोठी पट्टी, की मूळ टेपांवरून नव्यानं आवाज सुधारून काढली आहे. पुण्याच्या दुकानदारानं माझ्यासाठी बाजूला ठेवली होती. मी आधी शिरूरला दुकानातच लावली. माझ्या डेकवर आवाज मोजायची सुई होती. जुन्या सीडीला ती नाचायची. हळू जागी खाली पडायची, ढोल आला की उसळायची. नव्या सीडीला सुई तांबड्या पट्ट्यात गेली आणि तिथंच चिकटून राहिली. सगळंच मोठं. कुजबुजसुद्धा मोठी. निवडणुकीत रिक्षावर कर्णा बांधून फिरतात तसं. झांज तर कानात पत्र्यासारखी घुसत होती. मी तीन गाणी ऐकली आणि डोकं धरलं.

आणि घंटी? ती चारही वेळा सारख्याच जोरात वाजत होती. लांब जाणं नाही, विरणं नाही. शाळेची घंटा वाजवावी तशी.

ही सीडी मी दाजींकडं का नेली, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. सवय म्हणून नेली, असं मी स्वतःला सांगतो. कदाचित मला वाटलं असेल, की यात तरी त्यांना ऐकू येईल आणि माझं खोटं मिटून जाईल.

रविवार होता. भाची घरी होती. ती तेव्हा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. सीडी लावल्या लावल्या तिनं कानांवर हात ठेवले. “मामा, केवढं कर्कश आहे हे!” दाजी मात्र पहिल्या गाण्यापासून सरळ होऊन बसले होते. इतक्या वर्षांत मी त्यांना असं ऐकताना बघितलं नव्हतं. तिसरं गाणं संपत आलं आणि त्यांचा हात वर गेला, आपोआप.

टण. टण. टण. टण.

“आली!” ते उठून उभेच राहिले. “आली रं! चारी आल्या! अगं, ऐकलंस का, घंटी आली!” ताई पिठाच्या हातानं बाहेर आली. दाजींनी माझे दोन्ही दंड धरून मला हलवलं. “म्हंजी कापलीच व्हती त्यांनी. मी म्हनत न्हवतो? आता परत घातली बघ. मला वाटलं व्हतं...” काय वाटलं होतं ते त्यांनी पुरं केलं नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

“पण पप्पा,” भाची म्हणाली, “ह्यात चारही सारख्याच वाजतात. जुन्यात कशी हळू हळू होत जाते, ते किती छान होतं.”

“जुन्यात कशात? तबकडीत?”

“सीडीत. मामांनी आधी आणली होती ती.”

“तिच्यात घंटीच न्हाई,” दाजी म्हणाले.

“आहे की.” तिला काहीच माहीत नव्हतं. ती उठली, कपाटातून जुनी सीडी काढली आणि लावली. मी म्हणालो, जाऊ दे, चहा घेऊ आधी. माझा आवाज मलाच विचित्र वाटला. तिनं गाणं शेवटाकडं पुढं सरकवलं आणि वडिलांना दाखवायला एक बोट वर धरलं.

सूर विरत गेला. घंटी वाजली आणि तिनं बोट हलवलं. पुन्हा वाजली, पुन्हा हलवलं. तिसरी. चौथीला ती हसली आणि बोट अगदी अलगद हलवलं, घंटीइतकंच हळू.

दाजी तिच्या बोटाकडं बघत होते. त्यांना घंटी अजिबात ऐकू येत नव्हती. चार वेळा हललेलं बोट तेवढं दिसलं. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं.

“तुला येतंय ऐकू?”

“व्हय.”

“तवाबी आलं व्हतं?”

ताई म्हणाली, “आवो...” त्यांनी तिच्याकडं न बघता हात आडवा केला.

“व्हय दाजी,” मी म्हणालो. “तवाबी आलं व्हतं.”

भाची एकदा माझ्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघत होती. तिनं स्टिरिओ बंद केला. दाजींनी खुंटीवरचा शर्ट घेतला, बटणं लावली, चपला घातल्या आणि बाहेर गेले. दारातून मला दिसलं, ते क्वार्टरच्या कोपऱ्यावर थांबले होते, कुठं जायचं ते न ठरलेल्या माणसासारखे. मग यार्डाकडं वळले. भाचीनं मला विचारलं, “मामा, काय झालं? माझं काही चुकलं का?” मी म्हणालो, “तुझं नाही चुकलं.” ताई ओट्याशी जाऊन पुन्हा कणीक तिंबायला लागली होती. त्या दिवशी कुणी जेवलं नाही.

सोमवारी दाजी आपण होऊन रेल्वेच्या डॉक्टरांकडं गेले. कान तपासून घ्यायचेत म्हणाले. पंधरा दिवसांत त्यांना इंजिनावरून उतरवलं. दुसऱ्यांच्या ड्युट्या लावायच्या ऑफिसात त्यांना टेबल मिळालं. तिथंही त्यांचं जमेना. ड्रायव्हर लोक खिडकीतून ओरडून विचारायचे आणि हे भलतंच उत्तर द्यायचे. मग त्यांना स्टोअरमध्ये टाकलं. कानाचं मशीन मिळालं. ताई सांगायची, ते घालून त्यांनी एकदाच ‘खुर्ची’ लावली, तबकडी. एक गाणं ऐकलं, मशीन काढून डबीत ठेवलं आणि प्लेअरचं झाकण लावलं. “डब्यात खडं वाजवल्यासारखं,” एवढंच म्हणाले. त्यानंतर त्या घरात काही वाजलं नाही.

माझ्याशी ते बोलत नव्हते. भांडणही नाही. मी गेलो की “या” म्हणायचे, पेपर उघडायचे. सणावाराला ताई मला बोलवायची आणि मी पाहुण्यासारखा जाऊन यायचो. दीड वर्षं असं गेलं. माझंही दुकान तोवर बसायला आलं होतं. लोक एका सीडीत दीडशे गाणी भरून मागायला लागले होते, आणि इतकी मावावीत म्हणून दाबून दाबून त्या गाण्यांच्या आवाजाचा आधीच चोथा झालेला असायचा. कुणी तक्रार करत नव्हतं.

मग एक दिवस दुकानात दाजींचा फोन आला. फोनवर त्यांना माझं ऐकू येत नसे, म्हणून ते एकटेच बोलले. “मला मनमाडला जायाचंय. त्या असिस्टंट पोराकडं. एकट्याला कळनार न्हाई त्यो काय बोलतोय त्ये. गुरवारी ये.” आणि ठेवून दिला.

गुरुवारी आम्ही दौंडहून पॅसेंजरनं निघालो. दाजी खिडकीशी बसले. सगळ्या वाटेवर आम्ही मिळून दहा शब्द बोललो नसू. नगरच्या अलीकडं ते वळण आलं असणार. मला ते ओळखता आलं नाही, आणि त्यांनी दाखवलं नाही. दाजी नगर येईपर्यंत समोरच्या बाकाकडं बघत राहिले.

असिस्टंट आता ड्रायव्हर झाला होता, त्याच्याबरोबरच्यांपेक्षा तीन वर्षं उशिरा. त्याची बायको आणि लहान मुलगी होती. दार उघडून दाजींना बघितल्यावर त्यानं आधी आत बोलावलं नाही. मग म्हणाला, “या, उस्ताद.” आम्ही कॉटवर बसलो. दाजींनी मशीन घातलं होतं. त्यांनी एकदम सुरुवात केली. मोठ्यानं, कान गेलेली माणसं बोलतात तसं.

“मला तवा ऐकू येत न्हवतं. तू पेंगत न्हवतास. मी खोटं लिवून दिलं, पर मला खोटं वाटत न्हवतं त्ये. ऑफिसात मी आता खरं लिवून दिलंय. त्याचा उपेग काय हुईल ठावं न्हाई.”

तो खाली बघत राहिला. त्याच्या बायकोनं पाणी आणलं आणि ती तिथंच थांबली. मग तो बोलला, हळू, जमिनीकडं बघून. “मी दोनदा ओरडलो होतो, उस्ताद. पहिल्यांदा ओरडलो तेव्हा मेंढरं लांब होती. दुसऱ्यांदा ओरडलो आणि तुमच्याकडं बघितलं. तुम्ही पुढं बघत होता, शांत. मला वाटलं, तुम्ही ऐकून सोडून दिलं. एवढी वर्षं मी तेच समजत होतो, की ह्या माणसानं ऐकलं आणि तरी भोंगा दिला नाही.”

दाजींनी त्याचे ओठ बघायचा प्रयत्न केला होता, पण तो खाली बघत होता. ते माझ्याकडं वळले. “काय म्हनला?”

ती खोली लहान होती. तिघंही माझ्याकडं बघत होते. मी दाजींच्या कानाजवळ वाकलो आणि शब्दाला शब्द सांगितला. शेवटचं वाक्यही सांगितलं. सांगताना मला त्यांच्या कानशिलाचे पांढरे केस आणि मशीनची पिवळट वायर दिसत होती.

दाजींनी मान वळवून त्याच्याकडं बघितलं. मग म्हणाले, “बरूबर हाय. तुला तसंच वाटनार.” बायकोनं चहा केला. आम्ही तो घेतला. निघताना तो दारापर्यंत आला, पण पाया पडला नाही आणि परत या असंही म्हणाला नाही. मला त्याचं काही वाटलं नाही.

परतीच्या गाडीत गर्दी होती. श्रीगोंदा गेल्यावर जागा झाली आणि आम्ही समोरासमोर बसलो. दाजींनी मशीन काढून रुमालात गुंडाळलं. मला वाटलं, झोपणार.

“तू माझ्यासाठी खोटं बोलला न्हाईस,” ते म्हणाले.

मी त्यांच्याकडं बघितलं.

“तुझी बहीण माझ्यासाठी गप बसली. तिचं मला कळतं. तू आपल्यासाठी बोललास. खरं सांगून माझं तोंड बघत बसायला लागलं आसतं. त्ये तुला नगं व्हतं.”

मशीन रुमालात होतं, त्यामुळं मी काही बोललो असतो तरी त्यांना ऐकू गेलं नसतं. ते म्हणाले ते खरं होतं. त्या दुपारी चहा येणार होता, गाणी लागली होती, दाजी माझ्यावर खूश होते, आणि मला ती दुपार मोडायची नव्हती. पुढचं सगळं त्यातून आलं, आणि त्यातलं बरंचसं ज्यांच्या वाट्याला आलं ते त्या खोलीत नव्हतेच.

मी फक्त मान हलवली. त्यांनी ती बघितली.

दौंडला उतरलो तेव्हा ऊन उतरत होतं. रुळांवरच्या दादऱ्यावर चढताना त्यांनी माझ्या खांद्याला धरलं, गुडघे दुखायचे त्यांचे. खाली आल्यावर हात काढला.

“घरी चल म्हनलो आसतो,” दाजी म्हणाले, “पर तुझी एसटी चुकंल.”

शिरूरची शेवटची गाडी सुटायला अजून दीड तास होता. त्यांनाही ते ठाऊक होतं. मी वाकून त्यांच्या पाया पडलो आणि स्टँडच्या रस्त्याला लागलो.